सही करायच्या आधी विचारा

अंबाडी, दिघाशी, झिडके, वज्रेश्वरी, गणेशपुरी आणि आजूबाजूच्या पाड्यांवरच्या सगळ्यांना ही विनंती आहे. घरात एखादी नोटीस, समन्स, फेरफाराचा कागद किंवा भूसंपादनाचं पत्र येऊन पडलं असेल, तर ते आज बाहेर काढा. रविवारपर्यंत थांबू नका, मुलगा कामावरून येईल तेव्हा बघू म्हणू नका. तुमची बाजू खरी की खोटी हे नंतर ठरतं. त्याआधी तुम्ही मुदतीत आलात की नाही हे बघितलं जातं, आणि आपल्याकडचे लोक बहुतेक वेळा तिथेच अडकतात.

याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत. तहसील भिवंडीला, प्रांत भिवंडीला, कोर्ट भिवंडीला. नाक्यावरून गाडी पकडायची, त्या रस्त्याचे हाल सोसायचे, दिवसाचा रोज बुडवायचा आणि तिथे गेल्यावर साहेब नाहीत असं ऐकून परत यायचं. त्यापेक्षा नाक्यावर झेरॉक्सच्या दुकानाशी उभा असलेला ओळखीचा माणूस बरा वाटतो. तो म्हणतो, ‘द्या इकडे, मी बघतो.’ कागद त्याच्या पिशवीत जातो, हजार-दोन हजार रुपयेही जातात, आणि अपिलाचे दिवस त्या पिशवीतच संपतात. हे एजंट सगळेच लबाड असतात असं मी म्हणणार नाही. पण मुदत चुकली तर त्यांचं काही बिघडत नाही, जमीन तुमची जाते.

जमिनीचंच आधी बोलू, कारण आपल्या तालुक्यात सध्या जमीन म्हणजे काय आहे हे सांगायला नको. गोदामं वाड्याच्या दिशेने सरकत आलीत. मुंबई-वडोदरा महामार्ग तालुक्यातून गेला. जिथे भाताला कोणी विचारत नव्हतं तिथे गुंठ्याचा भाव विचारला जातो. त्या महामार्गाचा मोबदला खोटे शेतकरी उभे करून उचलल्याच्या तक्रारी याच तालुक्यात पोलिसांपर्यंत गेल्या आहेत. अशा वेळी सातबारा वर्षातून एकदा पीक कर्जापुरता काढून चालत नाही. कोणी तुमच्या गटावर नोंद घालायला निघाला, तर तलाठ्याने (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय) संबंधितांना लेखी कळवायचं असतं आणि नोटीस चावडीवर लावायची असते. हरकतीसाठी साधारण 15 दिवस मिळतात. हीच माहिती ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून फुकट दिसते. घरातल्या शिकलेल्या मुलाला महिन्यातून दोनदा ते उघडायला सांगा. हरकत लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ‘मी तोंडी सांगितलं होतं’ याला दप्तरात जागा नाही. नोंद मंजूर झालीच, तर प्रांताकडे अपील करायला 60 दिवस असतात. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असं समजू नका.

भूसंपादनात तर कागदागणिक मुदत वेगळी. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्याखाली पहिली अधिसूचना निघाली की हरकतीला 21 दिवस. मोबदला कमी वाटला तर लवादाकडे जायचं. लवादाचा निवाडा मान्य नसेल तर न्यायालयात तीन महिन्यांत जायचं. त्यावर न्यायालय फार तर आणखी 30 दिवस देऊ शकतं, पुढे एक दिवसही नाही. 2013च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन गेली असेल आणि निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल, तर वाढीव मोबदल्याच्या अर्जाला सहा आठवडेच असतात. आणि एक गोष्ट चेक घेताना कोणी सांगत नाही: या कायद्यात रक्कम ‘हरकत राखून’ घेतली असं लिहून दिलं नाही, तर वाढीव मागण्याचा हक्कच जातो. दोन शब्द लिहिण्याचे पैसे पडत नाहीत. तुमचं संपादन कोणत्या कायद्याखाली आहे हे नोटिशीच्या वरच्या ओळींत छापलेलं असतं. वकिलाकडे गेलात की पहिल्यांदा तेच विचारा.

आदिवासी खातेदारांनी जास्त सावध राहावं. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची, गहाण टाकायची किंवा भाड्याने द्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. परवानगीशिवाय झालेला व्यवहार कितीही शिक्के मारलेले असले तरी टिकत नाही, आणि आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत मिळवून देण्यासाठी 1974चा कायदाही आहे. ‘बाबानी अंगठा दिलाय, आता काय करणार’ म्हणून गप्प बसलेलं घर आपल्या आसपास असेल, तर त्यांना आधी वकिलापर्यंत न्या.

नोटरीवर घेतलेल्या गुंठ्यांचंही तसंच. नोटरीच्या शिक्क्याने जमिनीची मालकी बदलत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखत लागतं. तुकडेबंदीच्या नियमांत अलीकडे सवलती आल्या आहेत. त्या आपल्या तुकड्याला लागू आहेत का, हे पैसे मोजण्याआधी विचारा.

जाता जाता एक लहानशी गोष्ट, पण खिशाची. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला काढताना लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क 2004 पासून माफ आहे. साधा कागद चालतो. तरी शंभराचा स्टॅम्प, आणि तो बंद झाल्यापासून पाचशेचा, आईबापांच्या गळ्यात मारला जातो. जून महिन्यात शाळेच्या दाखल्यांची गर्दी असते तेव्हा हे ठामपणे सांगा.

कागद वेळेत न पोचण्याची किंमत काय असते याचा एक जुना दाखला आहे, आणि तो महाराष्ट्रातलाच. माधव होसकोट नावाच्या कैद्याला मुंबई उच्च न्यायालयाने 1973 साली शिक्षा दिली. निकालाची प्रत तुरुंगात गेली, पण ती त्याच्या हातात पडली नाही. सर्वोच्च न्यायालयात त्याचा अर्ज पोचला तोवर चार वर्षांहून जास्त काळ गेला होता. त्याचा अर्ज फेटाळला गेला, पण 1978च्या त्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की कैद्याला निकालाची प्रत वेळेत आणि फुकट मिळाली पाहिजे, आणि परवडत नसेल तर वकीलही सरकारने दिला पाहिजे. पुढे 1983 साली मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांच्या हालांवर पत्रकार शीला बारसे यांनी पत्र लिहिलं. त्यावर न्यायालयाने महाराष्ट्रात अटक झालेल्या गरिबांना वकील मिळवून देण्याची व्यवस्था आखून दिली. आज जी मोफत विधी सेवा आहे, तिच्यामागे अशी माणसं आहेत. ती कोणाची मेहेरबानी नाही. राज्यघटनेत 1976 साली घातलेलं कलम 39-अ तिच्या पाठीशी आहे आणि 1987चा स्वतंत्र कायदाही.

आता रस्ता. भिवंडी-वाडा रस्त्यावर कोणाच्या घरचं कोणी गेलं नाही असं गाव शोधावं लागेल. माणूस गेला की तेराव्यापर्यंत घर भानावर नसतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत दारात ‘क्लेम करून देतो, निम्मे माझे’ म्हणणारा येतो. त्याच्या कोऱ्या कागदावर सही करू नका. मिळणाऱ्या भरपाईत वकिलाने टक्का ठरवणं वकिलांच्या स्वतःच्या नियमांतच बसत नाही, मग दलालाची गोष्टच सोडा. 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा सहा महिन्यांच्या आत करायचा आहे. उशिराच्या दाव्यांबाबत न्यायालयात वाद चालू आहेत, पण त्या भरवशावर राहू नका. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल किंवा दवाखान्याचे कागद, आणि गेलेल्या माणसाच्या कमाईचा काही पुरावा, एवढं पहिल्याच महिन्यात गोळा करा.

खड्ड्यामुळे अपघात झाला असेल तर आणखी एक वाट उघडली आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला 6 लाख रुपये, आणि जखमीला दुखापतीप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. त्यासाठीच्या समित्यांमध्ये जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आहेत. आपला रस्ता कोणत्या खात्याकडे आहे आणि अर्ज कोणाकडे करायचा हे ठाण्याच्या प्राधिकरणात विचारा. अपघात झाल्या झाल्या खड्ड्याचा फोटो काढा, कारण दुसऱ्या दिवशी त्यात खडी पडलेली असते. इतर वेळी महिनोन्‌महिने न पडणारी खडी त्या दिवशी कशी काय पडते, हा प्रश्न मलाही पडतो.

वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांसाठी एक गोष्ट साफ सांगतो. उचल घेतली म्हणून मालक तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही, मारू शकत नाही, पोरांना कामाला लावू शकत नाही. 1976च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज फेडायची जबाबदारीच संपवली आहे. तक्रार तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे करता येते. हे वाचणारा मास्तर, आशाताई किंवा दुकानदार असेल तर हे त्यांच्या कानावर घाला, कारण ज्याच्यासाठी हे लिहिलंय त्याच्या हातात हा कागद पडायचा नाही.

बहिणींनो, ‘हक्कसोड पत्रावर सही कर, रीत आहे’ असं माहेरी म्हणाले तर वाचायला वेळ मागा. हिंदू वारसा कायद्यात 2005 पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा आहे. 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असले-नसले तरी तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं. हक्क सोडायचा तर खुशाल सोडा, पण काय सोडतोय ते कळून. अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू नाही, त्यामुळे आदिवासी बहिणींनी वेगळा सल्ला घ्यावा. म्हाताऱ्या आईबापांनी सांभाळाच्या अटीवर जमीन-घर मुलाच्या नावे केलं असेल आणि तो विचारत नसेल, तर 2007च्या कायद्याखाली प्रांताकडे साधा अर्ज करता येतो. तिथे वकील लागतही नाही.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेत नसतील तर भांडत बसू नका. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी तक्रार घेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. नाहीच घेतली तर तीच तक्रार लिहून टपालाने ठाणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. फोनवर ‘डिजिटल अटक’ची धमकी आली तर फोन ठेवा, अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर त्याच तासाला 1930 वर कळवा.

हे सगळं विचारायचं कुठे, याचं उत्तर एका फोनमध्ये आहे: 15100. हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत क्रमांक आहे. भिवंडी न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, ठाण्यात जिल्हा प्राधिकरण. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, वेठबिगारीला बळी पडलेले, कोठडीत असलेले, यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला 3 लाख रुपयांची मर्यादा आहे. साध्या कागदावर अर्ज करा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं तिथे उतरवून घेतलं पाहिजे. वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला, सगळं त्यात येतं. फुकटचा वकील नीट लढत नाही, असं नाक्यावर ऐकू येतं. तसा अनुभव आलाच तर समितीला लिहून वकील बदलून मागता येतो. मात्र लोकअदालतीत तडजोडीवर सही करताना दहादा वाचा, कारण त्या निवाड्यावर अपील नसतं.

भिवंडी आणि ठाण्याच्या वकील मंडळींना एक मागणं आहे. महिन्यातून एक दिवस अंबाडीला बसा. तुम्हाला दहा मिनिटं लागतील अशा उत्तरासाठी इथला माणूस अख्खा दिवस घालवतो आणि कित्येकदा उत्तराशिवाय परततो. आणि आपल्या तरुण मुलामुलींनी ‘अधिकार मित्र’, म्हणजे विधी सेवेचे स्वयंसेवक, होण्यासाठी समितीत नाव द्यावं. वकिलीची पदवी लागत नाही, प्रशिक्षण तेच देतात.

गावपातळीवर लगेच होण्यासारखं एक काम आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या 2011च्या नियमांत गावागावांत सल्ला केंद्र उघडण्याची सोय आहे. येत्या ग्रामसभेत तशी मागणी करणारा ठराव मांडा: आठवड्याचा अमुक वार, ग्रामपंचायतीची खोली, टेबल आणि दोन खुर्च्या आम्ही देतो, वकील व अधिकार मित्र समितीने पाठवावेत. तीन ओळी पुरे. ठरावाची प्रत घेऊन भिवंडीला कोण जाणार, त्या दोघांची नावं त्याच सभेत इतिवृत्तात लिहून घ्या, नाहीतर ठराव दप्तरातच पडून राहील.