ओळख ज्याच्या हाती

ब्लॉगवर प्रतिक्रिया द्यायची तर आधी तिसऱ्याच कंपनीकडे नाव नोंदवा, ही व्यवस्था २००४ साली ‘टाइपकी’ या नावाने आली. ती आणली कॅलिफोर्नियातल्या ‘सिक्स अपार्ट’ने, म्हणजे बेन आणि मीना ट्रॉट या तरुण जोडप्याच्या कंपनीने. त्यांचं ‘मूव्हेबल टाइप’ तेव्हा ब्लॉगवाल्यांचं लाडकं सॉफ्टवेअर होतं. अडचणही खरी होती. औषधांच्या आणि जुगाराच्या बनावट प्रतिक्रिया पुसता पुसता ब्लॉगमालक मेटाकुटीला येत.

वाचक टाइपकीच्या साइटवर जाऊन पासवर्ड टाकायचा. टाइपकी त्याच्या ओळखीवर डिजिटल सही करून त्याला ब्लॉगवर परत पाठवायची. ब्लॉगमालकाने मागितला नसेल तर ईमेल पत्ता उघड होत नसे, त्यापासून गणिताने बनवलेली अक्षरांची लांबलचक माळ तेवढी जाई. रचना विचारपूर्वक केलेली होती. पण कोण कुठल्या ब्लॉगवर बोलायला गेलं, याचा माग एकाच कंपनीला लागू शकत होता, आणि लोकांना धास्ती याचीच होती. त्यातच मे महिन्यात मूव्हेबल टाइप ३.० चे नवे परवाने जाहीर झाले: फुकट आवृत्तीत एक लेखक आणि तीन ब्लॉग. लोक खवळले, कित्येकांनी वर्डप्रेसची वाट धरली. पैसे मागण्यात गैर काहीच नव्हतं. मात्र कंपनीचे नियम एका रात्रीत बदलू शकतात, हे सगळ्यांना दिसलं.

ट्रॉट दांपत्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण आपण विश्वास टाकतो माणसांवर, आणि कंपनी विकली जाते. याच सिक्स अपार्टने २००५ मध्ये ‘लाइव्हजर्नल’ हे ब्लॉगांचं संकेतस्थळ विकत घेतलं आणि २००७ च्या डिसेंबरात ते ‘सुप’ या रशियन कंपनीला विकलं. रशियात सरकारविरोधी लिहिणाऱ्यांचा तो मोठा अड्डा होता. २०१६ अखेर सर्व्हर रशियात गेले, पुढच्या वर्षी रशियन कायद्याला बांधलेल्या नव्या अटी आल्या. खातं उघडताना यातलं काही कुणी मान्य केलं होतं?

टाइपकीची जागा पुढे ‘डिस्कस’ या प्रतिक्रियांची चौकट पुरवणाऱ्या कंपनीने घेतली. २०१२ मध्ये तिथून पावणेदोन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली, आणि ते उघडकीला आलं २०१७ मध्ये. त्याच वर्षी डिस्कस एका मार्केटिंग कंपनीच्या मालकीची झाली. २०२१ मध्ये नॉर्वेच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने तिला अडीच कोटी क्रोनरच्या दंडाची पूर्वसूचना दिली. नुसतं वाचून निघून जाणाऱ्यांचाही माग काढला जात होता, असा ठपका होता.

दुसरा रस्ता नव्हता असं नाही. लाइव्हजर्नलच्याच ब्रॅड फिट्झपॅट्रिकने २००५ मध्ये ‘ओपनआयडी’ काढलं. त्यात ओळख म्हणजे आपला स्वतःचा वेबपत्ता. तो कुणाकडून पडताळून घ्यायचा हे आपण ठरवायचं, पटलं नाही तर बदलायचं. ते सामान्यांच्या हाती रुजलं नाही, गूगल आणि फेसबुकची बटणं सोपी पडली. मला याची आजही हळहळ वाटते.

म्हणून मराठीत ब्लॉग किंवा पोर्टल चालवणाऱ्यांना विनंती आहे की फुकट मिळणारी प्रतिक्रियांची चौकट डोळे झाकून डकवू नका. प्रतिक्रिया आपल्याच सर्व्हरवर ठेवा, टोपणनाव चालू द्या, मागितलीच तर ईमेलपलीकडे माहिती मागू नका. स्पॅम निवडण्यात रोज थोडा वेळ जाईल. तो वाचकांसाठी द्या.