खापर कोणाच्या डोक्यावर?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे वाडवडील सांगून गेले. त्यातले लग्न कसेबसे का होईना, एकदाचे उरकते. घराची वरात मात्र वर्षभर दारात असते: आज रेती, उद्या विटा, परवा मिस्त्री आणि रोज सावकार! म्हणून यंदा आकाशकंदिलाविषयी न लिहिता, तो ज्या छपराला टांगायचा त्या छपराविषयी लिहितो.

मी खापरखेड्याचा. गावाच्या नावातच खापर असल्यामुळे ते कोणाच्या तरी डोक्यावर फोडण्याचा मोह आम्हांला जरा अधिकच. 1340 मेगावॉट वीज आमच्या दारात तयार होते, आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत, कन्हानची रेती हाकेच्या अंतरावर आहे. आणि तरीही घर महाग! हे खापर कोणाच्या डोक्यावर?

पूर्वी कामगाराच्या घराचा भार सरकार व मालक यांनी मिळून उचलावा, असा विचार होता. 1947 च्या कायद्याने कोळशावर उपकर बसवून खाणकामगारांसाठी निधी उभारला, त्यातून घरेही झाली. 1952 साली औद्योगिक कामगारांच्या घरांना सरकारी साह्य देण्याची योजना निघाली. आमच्या भागातही वीजकेंद्राच्या आणि खाणींच्या वसाहती उभ्या राहिल्या. परंतु वसाहतीतली खोली बहुधा कायम नोकराची. कंत्राटी कामगार फाटकातून आत जातो तो काम करायला, राहायला नव्हे.

मग भाड्याने राहावे म्हटले, तर त्याचीही कथा आहे. 1949 साली मध्यप्रांत व वऱ्हाडात घरभाडे नियंत्रणाचा आदेश आला. भाडेकरूला आधार मिळाला हे खरे. परंतु जिथे भाडे गोठले तिथे मालकाची माया आणि डागडुजीही गोठली. पुढे राज्याचा 1999 चा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला.

उरले स्वतःचे घर. इंदिरा आवास योजना 1985 ची. तिच्या जागी 2016 साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात आली. किमान 25 चौरस मीटरचे घर, सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजारांचे साह्य, रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार निराळे. पैसे हप्त्याहप्त्याने थेट बँकेत येतात. पायाचे छायाचित्र दाखवा, पुढचा हप्ता घ्या. मधला दलाल टळावा म्हणून ही व्यवस्था आहे, आणि ती चांगलीच आहे.

पण पाया घालायचा कुठे? आमच्याकडे भाजी विकणाऱ्या एका बाईंचे नाव यादीत लागले. मी अभिनंदन केले, तर त्या म्हणाल्या, “भाऊ, सरकार घर देते म्हन्ते, पन ते ठेवू कुठी? डोक्यावर?” पंचवीस वर्षे त्या टिनाच्या खोपटात राहतात, परंतु खालची जमीन सरकारी. मंजुरी हातात आहे आणि ती परत जाईल की काय, ही धास्ती मनात आहे.

सरकारला ही अडचण ठाऊक नाही असे नव्हे. जागा विकत घेण्यासाठी राज्याने 2015 साली 50 हजारांपर्यंत साह्याची योजना काढली, पुढे ती रक्कम लाखापर्यंत वाढवली. 2025 च्या धोरणात घरकुलाला 5 ब्रासपर्यंत रेती मोफत ठरली. मात्र रेती काही नदीतून स्वतःच्या पायांनी चालत येत नाही! विटांचे म्हणाल, तर औष्णिक केंद्रांची राख बांधकामात वापरावी अशी अधिसूचना 1999 सालीच निघाली. राख आमच्या वाळत घातलेल्या धोतरांवर फुकट पडते. भिंतीत बसताना तिचे मोल द्यावे लागते.

खरी गोम आहे ती जमिनीत. नगराजवळच्या गावात कारखाना आला, रस्ता आला की जमिनीचा भाव वाढतो, आणि घरकुलाचे साह्य त्याच्यामागे धापा टाकत धावते. सिंगापूरने 1960 साली गृहनिर्माण मंडळ काढले आणि 1966 च्या कायद्याने आधी जमीन हाती घेतली. तिथली बहुसंख्य जनता आज मंडळाच्या घरांत राहते. आपण पैसे आधी देतो, जागा मागाहून शोधतो.

जागेचा उपाय परदेशातून आणायला नको. 1966 च्या जमीन महसूल संहितेने गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहेच. तेव्हा वाचकहो, पुढच्या ग्रामसभेला अवश्य जा. किती घरकुले मंजूर झाली, हे सांगायला सारेच उत्सुक असतात, तुम्ही मात्र विचारा, “त्यांपैकी किती जणांपाशी जागा आहे?” उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.