यंत्रमानवाची स्पर्धा आणि कापसाचे बोंड



शाळकरी पोरे यंत्रमानव बनवून स्पर्धेत उतरवतात, हे सांगितले की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, 'हे शहरातल्या पैसेवाल्यांचे खेळ.' दुसरी, 'याने दहावीचे मार्क वाढतात का?' पहिली तक्रार अर्धी खरी आहे. दुसरा प्रश्नच मुळात चुकीचा आहे.

अमेरिकेत डीन केमन या संशोधकाने १९९२ साली हायस्कूलच्या मुलांसाठी अशी स्पर्धा सुरू केली. दर जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो. मग थोड्या आठवड्यांत मुलांनीच आराखडा काढायचा, पत्रा कापायचा, मोटारी जोडायच्या, प्रोग्रॅम लिहायचा आणि खर्चाची जुळवाजुळवही करायची. मैदानात तीन संघ एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. गंमत अशी की सकाळी ज्याच्याविरुद्ध लढलो, तोच दुपारी आपला जोडीदार होऊ शकतो. मग त्याची चेन तुटली तर आपली जादा चेन त्याला देणे शहाणपणाचेच ठरते. मुंबईच्या शाळकरी मुलांचा 'आर फॅक्टर' हा संघ २०१६ साली या स्पर्धेत उतरला. पुण्यात २००८ साली आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची 'रोबोकॉन' भरली, तेव्हा यंत्रांना खेळायला दिला होता तो आपल्या गोविंदाचा, दहीहंडीचा खेळ!

यातून मुले काय शिकतात? प्रोग्रॅम लिहिणे क्लासातही शिकता येते. खरी विद्या आहे बिघाड शोधण्याची. यंत्र मैदानात मध्येच थांबले, पुढची फेरी तोंडावर आली. बॅटरी गेली, वायर सुटली, बोल्ट ढिला झाला की प्रोग्रॅम चुकला? एकेक तपासत जायचे. चूक कोणाची यावर भांडायला वेळच नसतो. आम्हाला कृषी पदवीच्या वर्गात इंजिनाचे भाग तोंडपाठ करायला लावले, पान्याला मात्र हात लावू दिला नाही. याउलट मोटार बंद पडल्यावर फ्यूज, स्टार्टर, केबल असे क्रमाने पाहत जाणारे पोरगे तुमच्या घरात आहे. त्याला ही विद्या निम्मी येते. त्याला कोणी विद्यार्थी म्हणत नाही, एवढेच.

आम्ही पेठ वडगावहून लिहितो. इकडे ऊस आहे, कापूस नाही. पण कोल्हापूर जवळ आहे, आणि तिथे लेथवर बसलेल्या मिस्त्रीला मान आहे. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली खटपट करून सिनेमाचा कॅमेरा स्वतः जुळवला. त्यांना कोणी वीस लाखांचे अनुदान दिले नव्हते.

आज ते मिळते. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान आहे, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा आणखी पन्नास हजार लॅब काढू, असे २०२५ च्या अर्थसंकल्पात सांगितले गेले. पण आम्ही एका शाळेत गेलो तर लॅबला कुलूप. सामान खराब होईल म्हणे! पाहुणे आले की उघडतात.

आता कापसाकडे या. अमेरिकेत वेचणी यंत्राने होते, कारण तिथे औषध फवारून पाने गाळतात आणि सगळे शेत एका वेळी वेचतात. आपल्या झाडावर आज एक बोंड फुटलेले, शेजारचे हिरवे; वेचण्या तीन-चार. फुटलेले तेवढेच ओळखायचे, पत्ती न लागता ओढायचे आणि हिरव्याला धक्का लावायचा नाही, असे यंत्र कोण करणार? पहाटेच्या दवात वेचले तर काडीकचरा कमी येतो, हे ज्या पोरीच्या बोटांना ठाऊक आहे तिला त्या संघात घेतलेच पाहिजे. रब्बी ज्वारी काढायला माणूस मिळत नाही म्हणून पेरा सोडणारे तुमच्यातही आहेत. हाही स्पर्धेचा विषय का होऊ नये? धाटे धरून कापणारे, कडब्याची नासाडी न करणारे हलके यंत्र हवे. मुले लगेच करतील असे नाही. मोठमोठ्यांनाही नीट जमलेले नाही. पण पोरांनी निदान अवघड प्रश्न घरचा घ्यावा.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या हायस्कुलात अशी लॅब आहे का, आठवड्यातून किती तास उघडते, मुली तिथे हत्यारे हाताळतात की फक्त वही लिहितात, आणि किल्ली कोणाकडे असते, एवढे विचारून या.