नोटरीच्या कागदावर घेतलेले गुंठे

आंबेगाव तालुक्याचा पूर्व पट्टा, म्हणजे मंचरपासून खाली निरगुडसर, पारगावपर्यंतचा भाग, डिंभे धरणाच्या पाण्याने बागायती झाला. भीमाशंकर कारखान्याला ऊस जाऊ लागला, पुणे-नाशिक महामार्ग जवळ, चाकणची कारखानदारीही फार लांब नाही. अशा भागात जमिनीचा भाव एकराऐवजी गुंठ्यात बोलला जातो. घर बांधायला दोन गुंठे हवे असलेला माणूस आणि मुलीच्या लग्नासाठी दोन गुंठे काढायला तयार असलेला शेतकरी समोरासमोर बसतात, रक्कम ठरते आणि कोणीतरी म्हणते, ‘नोटरी करून टाकू.’ मग पाचशेचा स्टँपपेपर येतो. वर ठळक अक्षरांत ‘कायम खरेदीखत’ असा मथळा, खाली चतु:सीमा, दोघांचे फोटो, अंगठे, दोन साक्षीदार, नोटरीचे तिकीट आणि त्यावर गोल लाल शिक्का. कागद दिसायला इतका भारदस्त असतो, की तो घेणाऱ्याला जमीन आपली झाली असे वाटले तर त्यात नवल नाही.

कायद्याच्या हिशेबात मात्र त्या कागदाने जमीन कोणाचीच होत नाही. १९५२ च्या नोटरी कायद्याने नोटरीला दिलेले मुख्य काम म्हणजे दस्त सही करणाऱ्यानेच केला आहे हे पडताळून प्रमाणित करणे, शपथ देणे आणि प्रती साक्षांकित करणे. विकणाऱ्याचा सातबाऱ्यावर हिस्सा किती, बँकेचा बोजा आहे का, बहिणींची नावे लागली आहेत का, हे तपासणे त्याच्यावर बंधनकारक नाही. दुसरीकडे, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते की शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोंदणी कायद्याच्या कलम ४९ नुसार नोंदणी सक्तीची असलेला दस्त नोंदवला नाही, तर त्याने स्थावरातला हक्क हलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात कुलमुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र अशा तिकाटन्यावर चालणाऱ्या ‘विक्री’ला मालकीचा मार्ग मानायला नकार दिला. तेव्हा कायदा संदिग्ध आहे असे म्हणायला जागा नाही.

तरीही हे कागद होत राहतात, आणि त्याचे खापर केवळ खेड्यातल्या माणसाच्या अज्ञानावर फोडणे सोयीचे असले तरी खरे नाही. दोन गुंठ्यांचे खरेदीखत नोंदवायला तो तालुक्याच्या गावी, घोडेगावला गेला असता, तर काय झाले असते? १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा आला असता. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने पुण्यासह बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे केले. त्याआधीची मर्यादा याहून मोठी होती. शेती किफायतशीर राहावी हा या कायद्याचा हेतू चांगलाच होता. पण माणसांना घरे लागतात, गावठाण वाढवण्याचे काम दशकानुदशके रेंगाळते आणि बिनशेतीची वाट सामान्याला परवडत नाही. दारातून जाता येत नाही म्हटल्यावर लोकांनी खिडकी शोधली. पुढे ग्रामपंचायतीच्या नमुना आठला घर लागते, घरपट्टीची पावती मिळते, विजेचा मीटर बसतो, आणि सरकारच्याच तीन कागदांवर नाव आले म्हणजे मालकी पक्की, असा समज घट्ट होतो.

खरी अडचण उघड होते ती पिढी बदलली की. विकणारा वारतो, वारसनोंद होते आणि सातबाऱ्यावर मुले-मुली येतात; त्यात विकलेले दोन गुंठेही असतात, कारण ते कधी उतरलेच नव्हते. वारसांपैकी कोणी ते पुन्हा विकले आणि या वेळी क्षेत्र पुरेसे असल्याने रीतसर नोंदवले, तर पहिल्या खरेदीदाराच्या हातात लाल शिक्का आणि कोर्टाची पायरी एवढेच उरते. तिथेही नोंद नसलेला कागद करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून मांडता येतो, पण मुद्रांकाची तूट आणि दंड भरून. शिवाय त्या दाव्याची मुदत तीन वर्षांची: करारात तारीख ठरली असेल तर त्या दिवसापासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून. महामार्गासाठी भूसंपादन झाले की मोबदल्याच्या यादीत अभिलेखावरचे नाव येते, घरात राहणाऱ्याला हरकत घेत फिरावे लागते. बहिणींच्या हक्कसोडीचीही हीच कथा. जुन्नर-आंबेगावची निम्मीअर्धी माणसे मुंबईत. तिथल्याच एखाद्या नोटरीपुढे बहीण सही करते आणि कागद गावी येतो. नोंदणी नसल्याने त्या कागदाने तिचा हक्क सुटत नाही, पण तो सुटला असे भाऊ धरून चालतो. फसगत दोघांचीही होते.

माझे म्हणणे असे, की नोटरीला या व्यवहारातून हाकलण्यापेक्षा त्याला बोलते करावे. स्थावराच्या कोणत्याही कागदावर शिक्का मारताना ‘या दस्ताने मालकी हक्क मिळत नाही, नोंदणी आवश्यक’ हे वाक्य ठळक मराठीत छापणे सक्तीचे हवे, आणि ‘खरेदीखत’ असा मथळा असलेला जमिनीचा कागद त्याने परत पाठवला पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याची नोंदवही उजेडात आली पाहिजे. आज अनुक्रमांक, पक्षकारांच्या सह्या, सगळे त्या वहीत असते आणि वही त्याच्या कपाटात असते. पुढचा खरेदीदार वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेतो, सूची दोन चाळतो, पण नोटरीचा व्यवहार त्यात कुठेच सापडत नाही. गट क्रमांकासह ही नोंद दुय्यम निबंधकाच्या संगणकावर गेली, तर निदान दुसऱ्यांदा विकण्याचा डाव तरी फसेल.

यावर नोटरीचे काम करणारा वकीलवर्ग म्हणेल, मजकुराची जबाबदारी आमची नाही. बरोबर, आजच्या कायद्यात नाहीच. उलट नोटरी कायद्याचे कलम १३ असे, की नोटरीने कामाच्या ओघात केलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाला सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार आल्याखेरीज घेता येत नाही. एवढे कवच असलेल्या माणसाकडून एका ओळीच्या इशाऱ्याची अपेक्षा जास्त नव्हे. २०२४ मध्ये केंद्राने एकट्या महाराष्ट्रात चौदा हजारांहून अधिक नोटरी नेमले. शिक्के इतके वाढत असताना त्यांचा अर्थ तरी लोकांना कळावा. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून नोटरीची कल्पनाच वेगळी आहे: तिथे निबंधक हाच पदसिद्ध नोटरी, मृत्युपत्र आणि वारसांचे दस्त तो सरकारी पुस्तकात लिहितो आणि पुस्तक सरकारजमा राहते. ती सगळी व्यवस्था इथे उचलून आणा असे मी म्हणत नाही, पण नोटरीची वही सार्वजनिक असू शकते हे सिद्ध करायला पणजीपलीकडे जावे लागत नाही.

नोंदणीचा खर्च परवडत नाही, हा आक्षेप परक्याकडून घेतलेल्या प्लॉटला थोडाफार लागू पडतो; कुटुंबातल्या व्यवहारांना मुळीच नाही. मुलाला किंवा मुलीला शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक २०० रुपये, शेतजमिनीच्या वाटणीपत्राला १००, आणि त्या वाटणीपत्राची नोंदणी फी तर मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये माफच केली. नोटरीकडे जाण्यात वाचतो तो पैसा नव्हे, तालुक्याची फेरी आणि सगळ्या भावंडांना एका दिवशी हजर करण्याचा व्याप. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत निवासी भागांतले १ जानेवारी २०२५ पर्यंतचे तुकडे नियमित करण्याची घोषणा केली, मग आता चिंता कशाची? नियमित झाला तो तुकडा. नोटरीच्या कागदावरून पुढे रीतसर दस्त करायला विकणारा किंवा त्याचे सगळे वारस सहीला यायलाच हवेत, आणि दहा वर्षांत भाव कितीतरी पटींनी वाढल्यावर ते फुकट येतील असे धरून चालणे भाबडेपणाचे. शिवाय ती तारीख उलटल्यावरही कोणाला तरी घरासाठी दोन गुंठे लागणारच आहेत.

उरला एक आक्षेप, तो निबंधक कार्यालयाकडून येईल: अपुऱ्या दस्ताची नोंद आमच्याकडे घेतली तर बेकायदा व्यवहाराला प्रतिष्ठा मिळेल. पण हेच कार्यालय वेगळ्या प्रकारची सूचना २०१३ पासून घेते आहे. मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज काढले, की नोंदणी कायद्यात महाराष्ट्राने घातलेल्या कलम ८९ ब नुसार कर्जदाराने तीस दिवसांत त्याची सूचना निबंधकाकडे दाखल करायची असते. घरबसल्या ऑनलाइनही होते. ती सूचना म्हणजे मालकी नव्हे, हे सगळ्यांना मान्य आहे. पुढच्याला सावध करणे एवढेच तिचे काम. बँकेचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून ही सोय राज्याने केली. आयुष्याची पुंजी दोन गुंठ्यांत घालणाऱ्यासाठी त्याच संगणकात आणखी एक रकाना उघडायला काय हरकत आहे, हे नोंदणी महानिरीक्षकांनी एकदा जाहीरपणे सांगावे.