‘मेदीना’ : शहर नव्हे, राष्ट्रही नव्हे

बायबलमधील एज्राच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात, एक सरकारी पत्र आहे. ‘नदीपलीकडचा’ अधिकारी तत्तनय हा पर्शियाचा सम्राट पहिला दारियस याला कळवतो की तो ‘येहूद मेदीन्ता’ येथे गेला आणि तिथे मोठमोठ्या दगडांनी देवाचे मंदिर बांधले जात असल्याचे त्याने पाहिले. पत्राची भाषा अरामी आहे. हखामनी साम्राज्याच्या दफ्तराची ती भाषा होती. ‘मेदीन्ता’ हे ‘मेदीना’ या शब्दाचे निश्चयवाचक रूप.

आजची हिब्रू जाणणारा वाचक इथे ‘येहूद राष्ट्र’ असे वाचतो, कारण इस्रायलच्या अधिकृत नावात ‘मेदीना’ हा शब्द राज्यसंस्था या अर्थाने आहे. अरबी जाणणाऱ्याला ‘येहूद शहर’ दिसते, कारण अरबीत ‘मदीना’ म्हणजे शहर. दोघेही चुकतात, आणि ही चूक निरुपद्रवी नाही. पहिल्या वाचनाने एका मांडलिक प्रदेशाला सार्वभौमत्व बहाल होते. दुसऱ्याने एक अख्खा प्रदेश आक्रसून त्याची एक वस्ती होते. आजच्या राजकारणाला दोन्ही सोयीचे आहे. इतिहासाला मात्र एकही नाही.

खरा अर्थ शोधायला शब्दकोशही उघडावा लागत नाही. एज्राचे पुस्तकच पुरेसे आहे. चौथ्या अध्यायातील तक्रारपत्रात यरुशलेमला बंडखोर नगर म्हटले आहे, आणि तिथे शब्द येतो ‘किर्या’. त्याच वाक्यात पुढे हे नगर राजांना आणि ‘मेदीनांना’ अपायकारक असल्याचा आरोप आहे. एकाच वाक्यात नगराला एक शब्द आणि मेदीनेला दुसरा! सहाव्या अध्यायात कोरेश राजाच्या आज्ञेची नोंद सापडते ती ‘मादय मेदीनेतील’ अखमथा येथील गढीत. गढी, म्हणजे ‘बिर्ता’, मेदीनेच्या पोटात आहे. दानीएलाच्या पुस्तकातही सोन्याचा पुतळा दूरा नावाच्या मैदानात उभा राहतो आणि ते मैदान ‘बाबेल मेदीनेत’ आहे. ज्यात गढ्या आणि मैदाने मावतात, ते शहर कसे असेल?

शब्दाचे मूळ ‘दीन’ या धातूत आहे : न्याय करणे, निवाडा देणे. मेदीना म्हणजे जिथवर एका अधिकाऱ्याचा निवाडा चालतो तो मुलूख. मराठीत ज्याला ‘अंमल’ म्हणतात, त्याच्या फार जवळची ही कल्पना आहे.

आणि हा अंमल दुसऱ्याच्या वतीने चालवलेला. येहूदच्या वर ‘अबर नहरा’, म्हणजे फरात नदीपलीकडचा विशाल प्रदेश होता. तत्तनय तिथला ‘पेहा’, म्हणजे अधिपती. त्याचे नाव इ.स.पू. ५०२ च्या एका बाबिलोनी मातीच्या पाटीवरही आढळते. विशेष म्हणजे येहूदच्या स्थानिक कारभाऱ्यालाही ‘पेहा’च म्हटले जाई, त्यामुळे हुद्द्याच्या नावावरून दर्जा ठरवणे धोक्याचे आहे. संबंध कसा होता ते पत्रव्यवहारातून कळते. मंदिर बांधण्याची परवानगी कोणी दिली, हा प्रश्न वरून येतो. उत्तर राजाच्या दफ्तरात शोधले जाते. खर्चाची तरतूद नदीपलीकडच्या वसुलातून होते. या पत्रांच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्या काळी हा शब्द कसा वापरत, हे समजण्यात त्यांचा अडथळा येत नाही.

एस्तेरच्या पुस्तकातील १२७ मेदीनांचे कोडेही इथेच बरेचसे सुटते. हे पुस्तक हिब्रूत आहे, पण शब्द तोच. हेरोडोटस पर्शियन साम्राज्याचे करआकारणीसाठी २० विभाग सांगतो, तेव्हा एस्तेरचा लेखक अतिशयोक्ती करतो असे अनेकांना वाटते. तो दरबारी थाट रंगवतो हे खरेच, आणि १२७ हा सरकारी आकडा मानू नये. तरीही दोघे एकच गोष्ट मोजत नाहीत : हेरोडोटसचे मोठे सुभे, एस्तेरमधील त्यांच्या पोटातले लहान मुलूख. याच वाक्यात साम्राज्याची पूर्व सीमा म्हणून ‘होदू’ येतो, म्हणजे प्राचीन पर्शियनमधील ‘हिंदुश’, सिंधूकाठचा प्रदेश. त्याला आजचा भारत समजणे हीसुद्धा त्याच जातीची चूक.

पुढे निवाड्याचा मुलूख मागे पडून निवाडा जिथे होतो ते ठाणे पुढे आले असावे. सीरियाक या नंतरच्या अरामी बोलीत ‘मदीन्ता’ म्हणजे शहर, आणि अरबीतही तोच अर्थ रुळला. आधुनिक हिब्रूने मात्र तोच शब्द राज्यसंस्थेसाठी घेतला. मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. राष्ट्रकूटांच्या कारभारात ‘राष्ट्र’ हा ‘विषया’हून मोठा असा प्रांत होता आणि ‘राष्ट्रपती’ हा त्या प्रांताचा अधिकारी. त्या ताम्रपटांत ‘राष्ट्रपती’ वाचून कोणी प्रजासत्ताक शोधत नाही.

इ.स.पू. चौथ्या शतकातील येहूदची चांदीची नाणी बोटाच्या पेरावर मावतील इतकी चिमुकली आहेत. काहींवर अथेन्सच्या नाण्यांची नक्कल करून घुबड कोरलेले आहे आणि बाजूला य-ह-द ही तीन अक्षरे. एका प्रकारच्या नाण्यावर हिज्कीया नावाच्या माणसाचे नाव आहे. त्यापुढे ‘राजा’ लिहिलेले नाही. ‘पेहा’ लिहिले आहे.