टाकळा की कासविंदा?

गणपती गावाला गेले, पितृपंधरवडा लागला, की रस्त्याच्या कडा, पडीक जागा, रेल्वेरुळांच्या बाजू आणि वसाहतीच्या आवारातले मातीचे ढिगारे पिवळ्या फुलांनी भरून जातात. आषाढात जी रोपटी नुसती हिरवी होती, ती आता फुले आणि शेंगा घेऊन उभी असतात. झाडांची नीट ओळख करून घ्यायला वर्षातले हेच दिवस चांगले. पिवळे फूल दिसले की ‘हा टाकळा’ असे म्हणून आपण पुढे जातो. पण त्या गर्दीत टाकळ्याचा एक भाऊबंदही असतो. त्याचे नाव कासविंदा. या दोघांतला फरक घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवा, कारण त्याच्याशी लहान मुलांच्या जिवाचा संबंध आहे.

उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात, सहारनपूर-बिजनौरच्या बाजूला, दरवर्षी पावसाळा संपता संपता खेड्यातली लहान मुले अचानक आजारी पडत. आधी उलट्या, मग झटके, मग बेशुद्धी. पुष्कळ मुले दोन-चार दिवसांत दगावत. अनेक वर्षे हा विषाणूमुळे होणारा मेंदूज्वर आहे असेच मानले जाई. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ, वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या आईवडिलांकडे बारकाईने चौकशी केली. आजारी मुले आणि त्याच भागातली निरोगी मुले यांची तुलना केली. तेव्हा आजारी मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतले दाणे खाल्ले होते, असे दिसून आले. त्या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू या तिघांनाही इजा होत होती. हे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१६ मध्ये ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात अनेक आदिवासी मुले दगावली. त्यांतल्या काहींना जपानी मेंदूज्वर झालेला होता. पण इतर कित्येकांच्या बाबतीत तज्ज्ञांनी याच झाडाकडे बोट दाखवले. तिथे त्याला ‘बडा चाकुंडा’ म्हणतात.

म्हणजे रोग गूढ नव्हता. झाडाची ओळख नव्हती, एवढेच!

आता ही ओळख करून घेऊ. त्यासाठी फूल सोडून द्या. दोघांचीही फुले पाच पाकळ्यांची आणि पिवळी असतात. वासावरही जाऊ नका. पान चुरगाळले तर दोघांनाही उग्र वास येतो. पाहायचे ते पान आणि शेंग.

पान : चिंचेच्या पानासारखीच या दोघांचीही एका दांडीवर समोरासमोर छोट्या पानांच्या जोड्या असलेली पाने असतात. टाकळ्याला अशा बहुधा तीनच जोड्या असतात आणि छोटे पान टोकाकडे रुंद व गोलसर असते. मेथी किंवा भुईमुगाच्या पानाची आठवण व्हावी असे. कासविंद्याला चार ते सहा जोड्या असतात आणि छोटे पान टोकाला निमुळते, अणकुचीदार असते. पानाची दांडी खोडाला चिकटते त्या जागेजवळ मसासारखी एक बारीक गाठ दिसते. टाकळ्याला तशी गाठ तिथे नसते. ती दांडीवर खालच्या जोडीच्या मध्ये असते.

शेंग : टाकळ्याची शेंग लांब, बारीक आणि विळ्यासारखी वाकलेली असते. आतले दाणे चकचकीत, कोनाकोनांचे असतात. कासविंद्याची शेंग त्याहून आखूड, चपटी आणि वरच्या बाजूला वळलेली असते. पिकली की मधला भाग तपकिरी आणि कडा फिकट दिसतात. आत एका ओळीत तीस-चाळीस चपटे दाणे असतात. कोवळी हिरवी शेंग सोलली की मुलांना ती मटार-चवळीसारखी वाटते, आणि घात होतो तो इथेच.

उंची : टाकळा साधारण गुडघ्या-मांडीपर्यंत. कासविंदा चांगला वाढला तर माणसाच्या छातीपर्यंत जातो.

या दोघांचा तिसरा भाऊबंद म्हणजे तरवड. दख्खनच्या कोरड्या माळावर हे झुडूप दिसते. त्याची फुले पुष्कळ मोठी आणि तेजस्वी पिवळी, आणि पानात आठ ते बारा जोड्या. तेलंगणात बतुकम्माच्या सणाला ‘तंगेडू’ म्हणून जी फुले रचतात, ती हीच. जोड्या मोजण्याची सवय लागली की तीन, पाच आणि दहा एवढ्या हिशेबावर ही तीन भावंडे लांबूनही वेगळी करता येतात.

आपल्याकडे टाकळ्याची कोवळी पाने पावसाच्या आरंभी भाजीला वापरतात. कोकणात आठळ्या घालून केलेली ही भाजी आवडीने खातात. गोव्यात तिला तायकिळो म्हणतात. ती खुशाल खावी. मात्र पाने खुडताना टोक गोल आहे ना, जोड्या तीनच आहेत ना, हे पाहावे. शंका आली तर ते रोप सोडून द्यावे. रानभाजीच्या बाबतीत ‘बहुतेक तीच असेल’ हे उत्तर चालत नाही.

पालकांनी एवढे करावे. घराजवळ, शाळेच्या वाटेवर, अंगणवाडीच्या कुंपणाशी कासविंदा दिसला तर शेंगा सुकून दाणे विखुरण्याआधीच तो मुळासकट उपटावा. नाहीतर पुढच्या पावसात दसपट उगवेल. मुलांना नुसते ‘हात लावू नकोस’ असे सांगून भागत नाही. झाड दाखवावे, जोड्या मोजायला लावाव्यात आणि मोठ्यांना विचारल्याशिवाय रानातला कोणताही दाणा तोंडात टाकायचा नाही, हे पक्के समजावावे. कोणा मुलाने शेंगा खाल्ल्याचा संशय आला, तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नये. या विषावर खास उतारा नाही, तेव्हा घरगुती उपायांत वेळ न दवडता मुलाला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावे. झाडाची शेंगेसहित फांदी सोबत घ्यावी. डॉक्टरांना निदान करायला तिचा फार उपयोग होतो.

नवरात्राच्या सुटीत मुलांना घेऊन एक फेरी माराच. खिशात कागद-पेन्सिल असू द्या, आणि कोण किती झाडे बरोबर ओळखतो याची पैज लावा. हा खेळ एकदा अंगवळणी पडला की मूल जन्मभर विसरत नाही.