वजनदार इतिहास

गेलेल्या माणसाच्या तलवारीचं वजन दर पंधरा वर्षांनी दुप्पट होतं. आम्हां बँकवाल्यांच्या हिशेबाने हा दर पावणेपाच टक्के चक्रवाढ पडतो. मूळ ठेव कोणी, केव्हा आणि कुठे ठेवली याची पावती मात्र कोणापाशीच नसते. माझ्या लहानपणी शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांनी वीस किलोची म्हणून सांगितलेली तलवार माझ्या मुलाच्या शाळेत पोचेपर्यंत चाळीसची झाली होती. आता सकाळी मोबाइलवर गुलाबाच्या फुलाशेजारी येते ती ऐंशीची असते. ती पेलणाऱ्या वीराचं कौतुक सगळेच करतात. ऐंशी किलोची तलवार अधिक वीर, एवढा ऐवज पाठीवर घेऊन दौडणाऱ्या घोड्याचं नाव कोणी काढत नाही.

हे दुखणं आपल्या एकट्याचं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण साहेबाच्या देशातही हाच प्रकार. तिकडे तलवारीऐवजी चिलखत फुगलं, इतकंच. युरोपातला मध्ययुगीन सरदार म्हणे चिलखतात इतका जड व्हायचा की त्याला घोड्यावर चढवायला कप्पी-दोरखंड लागायचे, आणि खाली पडला की उलट्या कासवासारखा पाय झाडत पडून राहायचा. १९४४ साली लॉरेन्स ऑलिव्हिएने ‘हेन्री द फिफ्थ’ हा चित्रपट काढला, त्यात चक्क असा एक सरदार यारीला लटकवून घोड्यावर उतरवलेला दाखवला आहे. एकदा पडद्यावर दिसलं की झालं! पिढ्यान् पिढ्या लोक ते शपथेवर सांगू लागतात.

आता खरा आकडा ऐका. युरोपातल्या संग्रहालयांतली मध्ययुगीन एकहाती तलवार तराजूत घातली तर एक ते दीड किलो भरते. म्हणजे मंडईतला एक बऱ्यापैकी कोबी. पंधराव्या शतकातलं डोक्यापासून पायापर्यंतचं लढाईचं पोलादी चिलखत साधारण वीस-पंचवीस किलोचं, आणि तेही सगळ्या अंगावर वाटलेलं. आमच्या गल्लीतला गॅसवाला भरलेलं सिलिंडर एका खांद्यावर घेऊन तीन जिने चढतो, ते त्याहून जड असतं. त्याला अजून कोणी यारीने चढवलेलं नाही.

हा आकडा नुसता काचेआडून कळत नाही. तो अंगावर घेऊन पाहणारी एक जमात जगात आहे आणि तिची वकिली करण्यासाठीच मी आज लेखणी उचलली आहे. हे लोक आठवडाभर नोकऱ्या करतात आणि सुटीच्या दिवशी स्वतः ठोकून तयार केलेली चिलखतं घालून मैदानात लढतात.

आमच्या हेडकॅशियरांना हे मान्य नाही. “अहो, चाळिशी उलटलेल्या बाप्यांनी अंगाला पत्रे बांधून एकमेकांना बडवायचं, याला इतिहास म्हणत नाहीत. याला संसाराचा कंटाळा म्हणतात,” असा निकाल त्यांनी डबा खाता खाता दिला. हेडकॅशियरांशी वाद घालणं ही चांगली गोष्ट नव्हे, कारण सुट्टे पैसे त्यांच्याकडे असतात. तरीही माझं म्हणणं असं की, या बाप्यांना रिकामटेकडे म्हणणाऱ्याने आधी त्यांचं काम पाहावं.

आधी आतला कपडा. लोखंड उघड्या अंगावर घालत नाहीत. तागाच्या कापडाचे थरावर थर घालून, मध्ये कापूस किंवा चिंध्या भरून, उभे टाके घालत एक जाड अंगरखा शिवतात. इंग्रजीत त्याला ‘गॅम्बेसन’ असं भारदस्त नाव आहे. पण मराठी माणसाने पाहताक्षणी ओळखावं की ही बाह्यांची गोधडी आहे! तलवारीच्या पात्यापासून लोखंड वाचवतं, पण त्यामागून येणारा दणका गोधडीच जिरवते. ज्यांना पैशाअभावी लोखंड परवडत नसे असे साधे शिपाई नुसत्या गोधडीवर लढाईला जात.

मग कडीचं चिलखत. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकवायची आणि तिची दोन्ही टोकं चपटी करून, भोक पाडून, बारीकशा खिळ्याने बंद करायची. एका अंगरख्याला वीस ते तीस हजार कड्या लागतात. मी बी.कॉम. असल्यामुळे मला हिशेब केल्यावाचून राहवत नाही. पंचवीस हजार कड्या, कडीला एक मिनिट, रोज दोन तास धरले तर दोनशे आठ रात्री होतात. इंग्लंडात माझा मेहुणा असतो. तो मला एकदा ट्यूक्सबरीला घेऊन गेला होता. तिथे १४७१ साली मोठी लढाई झाली आणि आता दर उन्हाळ्यात हौशी मंडळी ती पुन्हा लढतात. तिथल्या एका शिलेदाराला मी विचारलं, “अंगरख्याला किती वेळ लागला?” तो म्हणाला, “दोन हिवाळे.” टीव्हीसमोर बायको लोकरीचं विणायची आणि हा लोखंडाचं. गृहस्थ पेशाने हिशेबतपासनीस निघाला. माझा त्याच्याविषयीचा आदर तिथल्या तिथे दुप्पट झाला.

आणि शेवटी पत्र्याचं काम. लाकडाच्या ओंडक्यात खळगा करायचा, त्यावर पोलादी पत्रा धरायचा आणि हातोड्याने ठोकत ठोकत त्याला गुडघ्याच्या वाटीचा, खांद्याचा, डोक्याचा आकार द्यायचा. मग बारीक ठोके देऊन पृष्ठभाग सारखा करायचा. पुण्याच्या तांबट आळीतून गेलेल्या माणसाला हा आवाज नवा नाही. आमचे तांबट यालाच मठारकाम म्हणतात. तिथे त्यातून बंब निघतो, इथे छाती निघते. मग तापवून पाणी द्यायचं, कानस मारायची, सांधे जुळवायचे. कोपराचा सांधा अर्ध्या बोटाने चुकला तर हात वाकत नाही, आणि हात वाकला नाही तर नाक खाजवता येत नाही. सांध्याची गंमत अशी की, आठव्या हेन्रीचं १५२० साली पायउतारा लढण्यासाठी केलेलं, सगळं अंग झाकणारं चिलखत १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या अभियंत्यांनी अंतराळवीरांचा पोशाख बेतताना अभ्यासलं होतं. चंद्रावर जाणाऱ्याचं ज्याच्यावाचून अडलं, त्याला आमचे हेडकॅशियर ‘पत्रे’ म्हणतात!

नमुना कुठून आणतात? तर पुराव्यातून. १३६१ च्या जुलैत बाल्टिक समुद्रातल्या गॉटलंड बेटावर, विस्बी शहराच्या तटाबाहेर डेन्मार्कच्या राजाने तिथल्या शेतकऱ्यांची कत्तल केली. उन्हाळ्याचे दिवस, प्रेतांचा खच. लोकांनी ती चिलखतांसकट घाईघाईने खड्ड्यांत पुरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते खड्डे उकरले तेव्हा कड्यांच्या टोप्यांत अडकलेल्या कवट्या आणि पट्ट्या जोडून केलेले अंगरखे निघाले. आज जगभरचे हौशी त्या पट्ट्यांची मापं घेऊन आपले अंगरखे करतात. दोन हिवाळे खपून एखादा माणूस त्या अनाम शेतकऱ्याचा अंगरखा पुन्हा करतो, तेव्हा त्याला पोरखेळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता लढाई. तिचे निरनिराळे पंथ आहेत. अमेरिकेतल्या बर्कलीत १९६६ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला एका घराच्या परसात हौशी मंडळी जमली, त्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ निघाली. त्यांच्या तलवारी वेताच्या असतात. (वेताचा मार आमच्या पिढीनेही खाल्ला आहे, पण मास्तर चिलखत घालू देत नसत.) त्यांचा एक नियम मात्र मला फार आवडला. वार नीट बसला की नाही, हे वार खाणाऱ्याने स्वतः सांगायचं! “लागला, मी मेलो,” असं म्हणून त्याने आपण होऊन आडवं व्हायचं. आमच्याकडे पाचशेची नोट मोजायला यंत्र, यंत्रावर माणूस आणि माणसावर कॅमेरा लागतो. तिथे माणूस स्वतःचा मृत्यू स्वतःच्या सहीने मंजूर करतो.

दुसरा पंथ पोलादाचा. बोथट पण खऱ्या पोलादाची हत्यारं, पाच-पाच जणांच्या टोळ्या, आणि दोन पायांखेरीज अंगाचा तिसरा भाग जमिनीला टेकला की बाद. २०१४ साली स्पेनमधल्या बेल्मोंतेच्या किल्ल्यात अशांची जागतिक स्पर्धाही झाली. इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर मी वकील नसून भाट ठरेन. या स्पर्धांत भोसकायला बंदी आहे. आणि खऱ्या युद्धात चिलखतवाला मरायचा तो बहुधा भोसकूनच, काखेतून किंवा डोळ्यांच्या फटीतून. म्हणजे हे हुबेहूब युद्ध नव्हे. जीव घेण्याचा भाग त्यांनी काढून टाकला आहे. तो गाळला म्हणून तक्रार करणाऱ्याची मला जरा भीतीच वाटते.

“पण यातून कळलं काय?” हा हेडकॅशियरांचा शेवटचा प्रश्न. कळलं ते असं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बूसिको नावाचा फ्रेंच सेनापती चिलखत घालून कोलांटी मारायचा, असं त्याच्या चरित्रात लिहिलं आहे. शिरस्त्राण तेवढं काढून ठेवायचा, हेही प्रामाणिकपणे लिहिलं आहे. विद्वानांनी ते स्तुतीच्या खाती टाकलं होतं. अलीकडे दानिएल झाके या स्विस अभ्यासकाने आपल्या मापाचं चिलखत घालून तसले व्यायाम करून दाखवले. यारी मोडीत निघाली. उलट बाजूही कळली. २०११ साली लीड्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी चिलखत घातलेल्या चार सवयीच्या माणसांना ट्रेडमिलवर चालवलं, तेव्हा चालायला एरवीच्या दोन पूर्णांक तीन पट शक्ती लागते असं दिसलं. एक कारण पायांवरचं ओझं. दुसरं म्हणजे छाती आवळल्यामुळे श्वास खोल जात नाही. २५ ऑक्टोबर १४१५ रोजी अ‍ॅजिनकोर्टच्या नांगरलेल्या चिखलातून चालत जाणाऱ्या फ्रेंच सरदारांची दमछाक का झाली असेल, ते त्या आकड्यावरून उमजतं. ट्यूक्सबरीला त्या हिशेबतपासनिसाने आपलं शिरस्त्राण माझ्या डोक्यावर चढवलं होतं. जग टपालपेटीच्या फटीएवढं झालं, आणि स्वतःचाच श्वास उकळत्या किटलीसारखा ऐकू येऊ लागला. इतक्या वर्षांच्या वाचनाने मला जे सांगितलं नाही, ते त्या दोन मिनिटांनी सांगितलं.

चिलखत नुसतं विकत घेऊन मात्र भागत नाही. १८३९ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या लॉर्ड एग्लिंटनने मध्ययुगीन द्वंद्वांचा जंगी सोहळा भरवला. उमरावांनी लंडनच्या व्यापाऱ्याकडून चिलखतं घेतली, लाखभर लोक जमले, आणि पहिल्याच दिवशी असा पाऊस कोसळला की सगळ्याचा चिखल झाला. चिलखतावर छत्री उघडून बसलेल्या सरदाराची व्यंगचित्रं पुढे कितीतरी वर्षं निघत होती. खर्च चाळीस हजार पौंड झाला म्हणतात. त्यांनी इतिहास खरेदी केला होता. आमचा हिशेबतपासनीस तो करतो, आणि पावसाची खबर आली तर तेलाचं फडकं बरोबर ठेवतो, कारण गंज कोणाला चढतो हे त्याला ठाऊक असतं.

आता आपल्या घरी येतो. तारण सोन्याच्या काउंटरवर मी काही वर्षं काढली आहेत. आजीचा वीस तोळ्यांचा हार म्हणून आलेला दागिना काट्यावर चौदा भरतो, आणि गिऱ्हाईक माझ्यावर रागावतं, काट्यावर नव्हे. पण चौदा तोळे सोनं हे काय कमी आहे? आकडा उतरला म्हणून आजी उतरत नाही. इतिहासाचंही तेच. १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज अफझलखानाला भेटायला गेले ते अंगरख्याच्या आत चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घालून, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यावर आपण टाळ्या वाजवतो, पण कड्यांचा अंगरखा एकदा घालून पाहिलेल्या माणसाला त्यातलं खरं धाडस कळतं. लोखंडाचा भार खांद्यावर आहे, कड्यांचा आवाज होता कामा नये, चालण्यात फरक दिसता कामा नये, आणि चेहऱ्यावर पाहुणचार! त्या प्रसंगाला एका छटाकाचंही खोटं वजन लागत नाही. खोटं वजन घालणारा माणूस महाराजांना मोठं करत नाही. खरं वजन पुरेसं आहे यावर त्याचा विश्वास नाही, एवढंच त्यातून दिसतं.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. इतिहासावर बोलणाऱ्या प्रत्येक वक्त्याच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याशेजारी एक तराजू आणि थोडी वजनं ठेवावीत. तलवार जितक्या किलोची म्हणून सांगितली असेल तितकं वजन वक्त्याने उजव्या हातात, हात सरळ पुढे करून धरावं आणि मग उरलेलं भाषण पुरं करावं. तलवारी आपोआप दीड किलोवर येतील, आणि भाषणंही आटोपशीर होतील.